पाया घालण्याचे वर्ष

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. बुरूज बांधावयाचा तर शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तसे न केल्यास पाया घातला जातो, काम अर्धवट राहते आणि येणारेजाणारे त्याची थट्टा करतात. दाखला शिष्यत्वाविषयीचा आहे आणि प्रवचनांतून आम्ही तो त्याच अर्थाने ऐकत आलो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मात्र तो अगदी अक्षरशः, पायाच्या आणि पैशाच्या भाषेत, आमच्या घरात येऊन उभा राहिला.

आमची थोरली बहीण परिचारिका आहे. २००२ साली ती इंग्लंडला गेली आणि तेथेच स्थिरावली. तिची मुलगी तेथेच जन्मली, वाढली. आपल्या बारावीच्या तोडीची ‘ए लेव्हल’ परीक्षा तिने दिली, तेव्हा रसायनशास्त्रात गुण कमी पडले. ज्या विद्यापीठात तिला जीववैद्यकशास्त्र शिकावयाचे होते, त्याने तिला सरळ प्रवेश नाकारला. पण दुसरा मार्ग देऊ केला. तीन वर्षांच्या पदवीला आरंभी एक वर्ष जोडावयाचे. या वर्षाला तिकडे ‘फाउंडेशन इयर’ म्हणतात. आपण त्याला पायाभूत वर्ष म्हणू. ते उत्तीर्ण झाल्यावरच पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकता येते. त्या वर्षाची स्वतंत्र पदवी नाही आणि तेथील गुण दुसरे विद्यापीठ मानीलच याची शाश्वती नाही.

बहिणीने फोनवरून दोन गोष्टी विचारल्या. हे वर्ष घ्यावे का? आणि मुलीच्या डोक्यावर कर्ज नको म्हणून वसईच्या वाडीतला आपला हिस्सा विकावा का? आम्ही दोन्ही प्रश्नांना एका दमात उत्तर दिले: “ज्या वर्षाला पदवी नाही त्या वर्षासाठी वाडी विकायची?” उत्तर आम्हांला मोठे शहाणपणाचे वाटले. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. आपण दिलेला सल्ला भाचीच्या हिताचा होता की वाडीच्या, हा प्रश्न छळू लागला. त्या प्रश्नाचा आम्ही जो शोध घेतला, तो वाचकांपुढे मांडतो.

पहिला मुद्दा व्यर्थतेचा. जे वर्ष हाती काही देत नाही ते वाया गेले, असे आपण सहज म्हणतो. पण आपल्या ख्रिस्तसभेचाच अनुभव पाहा. संन्यस्त जीवनात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना नोव्हिशिएट पूर्ण करावे लागते. १९८३ च्या धर्मकायद्यानुसार ते किमान बारा महिन्यांचे असल्याशिवाय वैध ठरत नाही. त्या बारा महिन्यांत पदवी नाही, पद नाही, पगार नाही. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांसाठीही २०१६ च्या रोमच्या मार्गदर्शिकेने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाआधी एक पूर्वतयारीचा टप्पा आवश्यक ठरविला आहे. ही वर्षे वाया गेली असे कोणी म्हणत नाही. विहिरीचे बांधकाम असो वा घराचे, जमिनीखाली गेलेला दगड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो नाही असे होत नाही.

तथापि त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपण विसरू नये. नोव्हिसला केव्हाही मोकळेपणाने परत जाण्याची मुभा आहे. म्हणजे पाया घालण्याच्या वर्षाच्या दोन कसोट्या झाल्या. ते खरोखरच पाया घालण्यासाठी असावे. आणि ज्याचा पाया घातला जात आहे त्याचे स्वातंत्र्य त्यात शाबूत असावे.

पहिल्या कसोटीवर इंग्लंडमधील ही वर्षे सरसकट उतरतात असे नाही. ज्यांच्या शाळा दुबळ्या, ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, अशा बुद्धिमान मुलांसाठी ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉल या कॉलेजने २०१६ मध्ये असे वर्ष सुरू केले. केंब्रिज विद्यापीठाने २०२२ पासून आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०२३ पासून तशाच योजना चालविल्या आहेत. त्यांत विद्यार्थ्यावर शुल्काचा भार पडत नाही. खर्च देणग्यांतून भागतो. हा न्यायाचा पाया झाला. पण २०१९ मध्ये फिलिप ऑगर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सरकारला अहवाल दिला, त्यात वेगळाच सूर होता. प्रवेशाच्या अटी पूर्ण न करणाऱ्या मुलांना आकर्षून घेण्यासाठीच विद्यापीठे चार वर्षांच्या पदव्या उभ्या करीत आहेत, असा संशय समितीने व्यक्त केला आणि या वर्षाचे सरकारी अर्थसाहाय्य थांबवावे अशी शिफारस केली. साहाय्य थांबले नाही. परंतु २०२५-२६ पासून वर्गात बसून शिकावयाच्या, म्हणजे मुख्यतः वाणिज्य, समाजशास्त्रे, भाषा-इतिहास अशा विषयांच्या पायाभूत वर्षाचे शुल्क ५,७६० पौंडांवर मर्यादित करण्यात आले. प्रयोगशाळेच्या विषयांना त्या वर्षी ९,५३५ पौंडांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा होती. आमच्या भाचीचा विषय या दुसऱ्या गटातला. आपल्या हिशेबाने एका वर्षाचे सुमारे अकरा लाख रुपये झाले, आणि राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा.

पर्याय नव्हते असे नाही. अठरा वर्षांची मुलगी कॉलेजात राहून रसायनशास्त्राची परीक्षा पुन्हा देऊ शकत होती. त्या वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलते. एकोणीस वर्षांनंतर ‘ॲक्सेस’ नावाची एक वर्षाची पदविका आहे. तिच्यासाठी कर्ज मिळते आणि पुढे पदवी पूर्ण केल्यास त्या कर्जाची शिल्लक माफ होते. तेव्हा बुरुजाचा हिशेब करावयाचा तर तो एकाच दगडाचा करून भागत नाही. पाया कोणत्या दगडाचा, स्वस्त दगड पुरेल का, आणि पायानंतरच्या तीन मजल्यांना बळ उरेल का, हे सारे बसून पाहिले पाहिजे. चौथ्या वर्षापर्यंत पोहोचण्याची उमेद नसेल तर पहिले वर्ष कितीही स्वस्त असले तरी महागच.

दुसरा मुद्दा कर्जाचा. आमच्या वडिलांच्या पिढीला कर्ज या शब्दाचीच भीती होती आणि तिला कारण होते. सावकाराच्या वहीत गेलेली वाडी परत येत नसे. म्हणूनच १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिक पतसंस्था निघाली. आजची बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक ती हीच. कर्ज हे स्वतः पाप नव्हे. माणसाला गिळणारे कर्ज हे पाप, हा धडा आपल्या समाजाने फार पूर्वीच घेतला आहे.

इंग्लंडमधील विद्यार्थी-कर्जाची घडण समजून घेतली, तेव्हा ते सावकारी कर्ज नाही हे आम्हांला कळले. ते विद्यार्थ्याच्या नावावर असते. आईबापाचे घर तारण लागत नाही. ऑगस्ट २०२३ नंतर शिक्षण सुरू करणाऱ्यांसाठीचा नियम असा: वर्षाला २५,००० पौंडांवर जेवढी कमाई होईल तिच्या नऊ टक्के परतफेड. तीस हजार कमावणाऱ्याने वर्षाला ४५० पौंड द्यावयाचे. पंचवीस हजारांच्या आत काहीच नाही. चाळीस वर्षांनी उरलेली रक्कम माफ. म्हणजे हप्ता कर्जाच्या आकड्यावर ठरत नाही, मिळकतीवर ठरतो. एक वर्ष वाढल्याने हप्ता वाढत नाही, परतफेडीची वर्षे मात्र वाढू शकतात.

मग चिंता कसली? असे म्हणणाऱ्यांनाही आम्ही थांबवू इच्छितो. जे कर्ज माफ होते ते हवेत विरत नाही. ते करदात्यांच्या खिशातून भरले जाते आणि त्या करदात्यांत रात्रपाळी करणारी आमची बहीणही आहे. परक्याच्या पैशाने घेतलेले वर्ष हे फुकटचे वर्ष नव्हे. ती एक विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील चाकराने नाणे जमिनीत पुरून ठेवले, त्याला धन्याने दोष दिला. कर्जाचे वर्ष आळसात घालविणाऱ्याची गत याहून निराळी नाही.

येथवर विचार झाला तेव्हा वाडी विकण्याचे कारण उरले नव्हते. आम्हांला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्यानेच आम्हांला पकडले. कारण तिसरा मुद्दा अजून बाकी होता, आणि तो आमचा होता.

१९९१ साली बारावीच्या परीक्षेत आम्हांला गुण कमी पडले होते. आम्ही पुन्हा परीक्षेला बसलो. त्या वर्षी शिकवणीचे शुल्क, गाडीचा पास, पुस्तके हा सारा खर्च बहिणीच्या पहिल्या नोकरीच्या पगारातून झाला. पदविकेनंतर तिला परिचर्येची पदवी घ्यावयाची होती. “पुढच्या वर्षी बघू,” असे ती म्हणाली. ते पुढचे वर्ष आले नाही. आम्हांला आमचे पायाभूत वर्ष मिळाले होते. त्याला कोणी ते नाव दिले नव्हते इतकेच. त्या वर्षाची पदवी कोठे आहे, असे त्या वेळी आम्हांला कोणीही विचारले नाही.

वाडीचेही तसेच. भारतीय वारसा कायदा १९२५ चा आहे. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखाच, असे तो सांगतो. आमच्या बहिणीने हक्क सोडला नव्हता आणि मागितलाही नव्हता. आईवडिलांच्या पश्चात वाडीचे नारळ, केळी, फुले यांचे उत्पन्न आम्ही घेत राहिलो आणि नाताळला तिच्या मुलीसाठी भेट पाठवीत राहिलो. आपण उदार आहोत असे आम्हांला वाटे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो आदेश काढला, त्यात एक कठोर गोष्ट सांगितली आहे: न्यायाने जे देणे आहे ते आधी द्यावे, तेच दानधर्म म्हणून पुढे करू नये. आमच्या नाताळच्या भेटी या कसोटीला लावल्या तेव्हा मान खाली गेली.

अशा वेळी मनुष्य मोठ्या शब्दांचा आसरा घेतो. ‘पूर्वजांची भूमी’, ‘समाजाची ओळख’, ‘वसईची हिरवाई’. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मोलाच्याही आहेत. पण जो हिस्सा आपला नाही तो राखण्यासाठी त्यांचा उच्चार केला, की त्या ढोंग होतात. कुटुंबात एकाचे वर्ष बहुधा दुसऱ्याच्या वर्षातून कापलेले असते. अशा वेळी पैसे कोणाच्या नावावर निघाले एवढे विचारून भागत नाही. गप्प कोण बसले, हेही विचारावे लागते.

आणि त्या ऑगस्टमध्ये एक व्यक्ती गप्पच होती. बहीण, मेहुणे, आम्ही आणि आमची पत्नी, चौघांनी आठवडाभर चर्चा केली. भाचीला मात्र कोणी विचारलेच नव्हते. आमच्या पत्नीने ते ध्यानात आणून दिले. विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मामा, रसायनशास्त्र मला कळत नाही असं नाही. प्रयोगशाळेत हात बसलेला नाही. पुन्हा तीच परीक्षा दिली तर गुण वाढतील, हात बसणार नाही. कर्ज माझ्या नावावर असू दे, मी फेडीन. पण माझ्यासाठी वाडी विकू नका. आई म्हातारपणी कुठे येईल?”

तिने पायाभूत वर्ष घेतले, कर्जही घेतले. आम्ही वाडीच्या मागील उत्पन्नाचा हिशेब काढला. जेवढा आठवला आणि वहीत सापडला तेवढा. बहिणीचा अर्धा वाटा ठरवून तो तीन हप्त्यांत देण्याचे कबूल केले, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव लावण्याचा अर्ज केला. पैसे पाठविताना सोबतच्या पत्रात आम्ही ‘मदत’ हा शब्द लिहिला होता. तो खोडून ‘देणे’ असा केला. त्या पैशांनी भाचीच्या राहण्याचा काही खर्च भागतो. मुलगी उत्तीर्ण होईल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. निर्णयाचा न्याय्यपणा निकालावर अवलंबून नसतो.

येथून मुलांना परदेशी पाठविणाऱ्या पालकांना एक इशारा मात्र देणे अगत्याचे आहे. वर सांगितलेली कर्जाची सोय तेथे स्थायिक झालेल्यांना आहे. येथून जाणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यार्थ्याचे, बहुधा कितीतरी मोठे, शुल्क पडते आणि कर्ज येथील बँकेचे असते. साडेसात लाखांवरील कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात. तेथे हप्ता मिळकत पाहून थांबत नाही आणि घर खरोखरच पणाला लागते. शिवाय आपल्या बारावीच्या चांगल्या गुणांवर कित्येक विद्यापीठे थेट प्रवेश देतात. तेव्हा पायाभूत वर्ष लागतेच का, हे एजंटाच्या तोंडून ऐकण्याआधी विद्यापीठालाच पत्र लिहून विचारावे.

बुरुजाच्या दाखल्यात तो माणूस ‘आधी बसतो’. आम्ही हा शब्द नेहमी एकट्या माणसाविषयी समजत होतो. आता वाटते, कुटुंबाने बसावयाचे असेल तर त्या बैठकीत सर्वांना जागा हवी: ज्याचे वर्ष आहे त्याला, ज्याचे पैसे आहेत त्याला, आणि ज्याने पूर्वी कधीतरी आपले वर्ष दिले आणि त्याचा उच्चारही केला नाही, त्यालाही.