एकशे बारावा दिवस

माझ्या फोनमध्ये योगासनांचं एक ॲप होतं. रोजचा सराव झाला की एका हिरव्या गोलावर बोट ठेवायचं, मग आकडा एकने वाढायचा. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. मागच्या वर्षी त्या आकड्याने शंभरी ओलांडली तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. पुढे एकशे बाराव्या दिवशी घोळ झाला. आदल्या रात्रीचं रिलीज पहाटे चारपर्यंत चाललं. साडेदहाला उठलो, थेट कॉलवर बसलो, आणि रात्री पावणेबाराला अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं की आज काहीच केलेलं नाही. बारा वाजायला अजून पंधरा मिनिटं होती. मी हिरव्या गोलावर बोट ठेवलं आणि झोपलो.

यात कुणाचं काय बिघडलं? कुणाचे पैसे गेले नाहीत. ॲपला भावना नाहीत. घरात कुणाला कळलंही नाही. तरी दुसऱ्या दिवशी सराव करून मी बोट ठेवलं आणि ११३ हा आकडा दिसला, तेव्हा काहीतरी खुपलं. पुढचे कित्येक दिवस मी खरोखर आसनं केली, पण प्रत्येक आकडा त्या एका खोट्या दिवसावर उभा होता. हे खोटं मी नेमकं कुणाशी बोललो, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

स्वतःला दिलेला शब्द मोडला तर ती नैतिक चूक ठरते का, यावर तत्त्वज्ञांनी बरंच डोकं चालवलं आहे. मार्कस सिंगर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९५९ मध्ये स्वतःविषयीच्या कर्तव्यांवर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा साधा आहे. मी तुम्हाला शब्द दिला, तर त्यातून मला मोकळं करायचा अधिकार तुमचा. मग मी स्वतःला शब्द दिला, तर तो अधिकार माझाच. आणि ज्या बंधनातून मी वाटेल तेव्हा स्वतःची सुटका करून घेऊ शकतो, ते बंधन कसलं? त्यामुळे काटेकोर अर्थाने स्वतःविषयीची कर्तव्यं असूच शकत नाहीत, असं तो म्हणतो. इमॅन्युएल कांटचं मत याच्या अगदी उलट होतं. १७९७ च्या ग्रंथात त्याने म्हटलं आहे की स्वतःविषयीची कर्तव्यंच नसतील तर कुठलीच कर्तव्यं उरणार नाहीत. आणि गंमत म्हणजे, खोटं बोलण्याचा विचार तो स्वतःविषयीच्या कर्तव्यांच्या भागातच करतो. समोरच्याचं नुकसान झालं की नाही, हा तिथे मुद्दाच नाही.

मला सुरुवातीला सिंगरचं पटलं, कारण ते सोयीचं होतं. पण आमच्या कामात एक नियम असतो. स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करायचा नाही. लिहिणारा लबाड असतो असं कुणी धरून चालत नाही. तो इतका वेळ त्या कोडमध्ये बुडालेला असतो की त्याला चूक दिसत नाही, एवढंच. सकाळी सहाला गजर वाजतो तेव्हा माझ्या पांघरुणात तीन माणसं असतात: काल संकल्प करणारा, आज रजा मागणारा आणि रजा मंजूर करणारा. तिघांची सही एकच. सिंगरचं तर्कशास्त्र बरोबर असेल, पण ती सुटका कोण, कधी आणि कुठल्या अवस्थेत देतो हे त्यात येत नाही. ताप आहे म्हणून आदल्या रात्री घेतलेली रजा आणि गजर बंद करता करता घेतलेली रजा, या दोन्ही मी स्वतःलाच दिलेल्या सवलती आहेत. त्या सारख्या नाहीत, हे मला माहीत असतं.

क्लास याच कारणासाठी लागतो, असं मला वाटतं. पाठ आखडली म्हणून मी पहिल्यांदा घराजवळच्या एका क्लासला जायला लागलो. भिंतीला दोर, कोपऱ्यात लाकडी विटा, पट्टे, घडीच्या खुर्च्या. ताई हजेरी घेत नसत. दुसऱ्या दिवशी फक्त विचारत, “काल कुठे होतास?” त्या तीन शब्दांची ताकद कुठल्याही नोटिफिकेशनमध्ये नाही. त्रिकोणासनात माझा मागचा गुडघा सैल पडला की त्या येऊन दोन बोटांनी मांडीला स्पर्श करत, आणि मला कळे की हा गुडघा गेली पाच मिनिटं मला फसवत होता. घरी मी तो वर्षभर सैल ठेवला असता आणि रोज हिरव्या गोलावर बोट ठेवलं असतं.

पण क्लासची शिस्त उसनी असते. दिवाळीत क्लास दहा दिवस बंद होता आणि त्या दहा दिवसांत मी एकदाही चटई उघडली नाही. पुढे संध्याकाळचे कॉल वाढले, क्लास सुटला, आणि ताईंच्या जागी ॲप आलं.

ॲपचा हिशेब दोनच गोष्टी ओळखतो: किती दिवस आणि किती सलग. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास कशाने पक्का होतो हे सांगितलं आहे, तिथे या दोन्ही अटी आहेत. दीर्घकाळ करा आणि खंड पडू देऊ नका. पण तिसरी अटही आहे: सत्कार, म्हणजे आदराने करणं. तिचा आकडा निघत नाही, त्यामुळे ती स्क्रीनवर येत नाही. आणि खंड पडला की सगळं शून्य, हे तर शरीराच्या बाबतीत खरंही नाही. सवय २१ दिवसांत लागते असं आपण ऐकत आलो आहोत. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी बारा आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक कालावधी ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकशे बाराव्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर माझ्या पाठीचं काहीही नुकसान होणार नव्हतं. मी जे वाचवलं तो फक्त आकडा होता.

पुण्यात राहून याबद्दल लिहायचं तर अय्यंगार गुरुजींचं नाव येणारच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, शिकवायला पुण्यात आले आणि २०१४ मध्ये इथेच गेले. साठीच्या आसपास त्यांना स्कूटरचे अपघात झाले. शरीर पुष्कळ मागे गेलं आणि येत असलेली आसनं पुन्हा हळूहळू मिळवावी लागली. अभ्यास म्हणजे मोडलेल्या ठिकाणाहून पुन्हा सुरुवात करणं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. ॲपमध्ये त्यांचाही आकडा शून्य दिसला असता.

इथपर्यंत मी हा सगळा माझा आणि माझा मामला समजत होतो. मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली ऑफिसात. टीममधल्या नव्या मुलाने माझ्या फोनवरचा आकडा पाहिला. “एकशे एकोणचाळीस? एकही दिवस नाही चुकला?” मी म्हणालो, “नाही.” त्याने त्याच रात्री ॲप घेतलं. अंथरुणात पडून बोट ठेवलं तेव्हा मी कुणाला फसवलं नव्हतं, असं मी म्हणू शकत होतो. आता तेवढंही उरलं नाही. स्वतःपुरतं ठेवलेलं खोटं पहिल्याच प्रश्नाला बाहेर आलं, आणि तेही किती सहज.

दुसरी घरात. एका रात्री पावणेअकराला माझा कॉल चालू होता आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. कॉल म्यूट करून मी वैतागून विचारलं, “आई, आत्ता?” ती म्हणाली, “सकाळी तुझं असतं ना. चटणी आत्ताच वाटून ठेवते.”

एवढंच बोलली आणि झाकण लावलं. मी कॉलवर परत गेलो, पण पुढचं काही ऐकलं नाही. आमचं घर वन बीएचके. मी सकाळी हॉलमध्ये चटई टाकतो, सहा ते पावणेसात. त्याच वेळी पाणी येतं, दूधवाला येतो, बाबांचा डबा असतो. या सगळ्याला मी कित्येक महिने ‘सकाळची शांतता’ म्हणत होतो. ती आपोआप नव्हती, आई ती रोज तयार करत होती. मिक्सर रात्रीवर ढकलून, कुकर मी चटई गुंडाळल्यावर लावून, दूधवाल्याने बेल वाजवायच्या आत दार उघडून. वाळत घालायचे कपडे घेऊन ती हॉलच्या कडेकडेने गॅलरीत जायची, आणि मी डोळे मिटून श्वास मोजत असायचो. तिचे स्वतःचे गुडघे दुखतात. ती गेली तीस वर्षं पाचला उठते. तिच्या सलग दिवसांचा आकडा कुठल्या ॲपमध्ये नाही, आणि तिला कुणी शिस्तीची म्हणून नावाजल्याचं मला आठवत नाही. आम्ही त्याला ‘आई उठली’ एवढंच म्हणतो.

त्या आठवड्यात मी योगसूत्रं पुन्हा उघडली आणि आठ अंगांची यादी पाहिली. ही यादी शाळेत पाठ केलेली असते, म्हणून आपण तिच्या क्रमाकडे बघत नाही. आसन तिसरं आहे. जवळपास दोनशे सूत्रांपैकी थेट आसनाबद्दल जेमतेम तीन आहेत. पहिलं अंग यम: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आणि देश, काळ, प्रसंग बघून यातून सूट घ्यायची नाही, असं पतंजली सांगतात ते यमांबद्दल. मी मात्र आसनांत एकाही दिवसाची सूट घेत नव्हतो, आणि त्यासाठी यमांत घेत होतो. आकडा टिकवायला सत्य सोडलं. शांतता मिळवायला आईचा वेळ न विचारता घेतला. याला अस्तेय मोडणं म्हणावं का, यावर मी बराच वेळ स्वतःशी वाद घातला. तिने तर हौसेने केलं, मी मागितलं कुठे होतं? पण न मागताच मिळत राहतं आणि आपण बघतही नाही, तिथेच तर चोरीची सोय सगळ्यांत जास्त असते.

याचा अर्थ रोजचा सराव म्हणजे स्वार्थ, असा मी काढत नाही. पाठ दुखणारा, चिडका मुलगा घरात असण्यापेक्षा पाऊण तास चटईवर असलेला मुलगा बरा, असं आईच म्हणेल. पण सिंगर आणि कांट यांच्या भांडणात माझा प्रश्नच चुकीचा मांडला होता, असं आता वाटतं. स्वतःला दिलेला शब्द बांधील आहे की नाही, हे ठरवताना मी असं धरलं होतं की तो शब्द पाळण्याची किंमतही मीच देतो. एका खोलीच्या घरात असा एकट्याने पाळायचा शब्द नसतो. मग त्यातून मला मोकळं करण्याचा किंवा त्याला धरून ठेवण्याचा अधिकारही माझ्या एकट्याकडे कसा असेल?

ॲप मी काढून टाकलं. त्या नव्या मुलाला कँटीनमध्ये सांगितलं की माझा एकशे बारावा दिवस खोटा होता. तो हसायला लागला. म्हणाला, “माझे तर आत्ताच चार झालेत.” मलाही हसू आलं, पण पूर्ण नाही.

आता पाणी भरणं आणि डबा माझ्याकडे आहे. चटई बेडरूममध्ये, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत. वीरभद्रासनात उजवा हात कपाटाला लागतो. सराव अर्ध्या तासाचा झाला आहे आणि आठवड्यातून एखादा दिवस राहतो. राहिला की एका वहीत तारीख टाकून ‘आज नाही’ एवढं लिहितो. शनिवारी पुन्हा ताईंच्या क्लासला जातो, कारण गुडघा अजून फसवतो.

मला वाटलं होतं, मोकळ्या झालेल्या वेळात आई माझ्याबरोबर आसनं करेल. तिच्या गुडघ्यांसाठी खुर्चीवरची दोन-तीन शिकूनही आलो होतो. ती म्हणाली, बघू. सध्या ती त्या वेळात गॅलरीत बसून चहा पिते आणि पेपर वाचते. साडेसहाला उठून चटणी वाटते. मी तेव्हा शवासनात असतो. मिक्सर चांगला दोन मिनिटं चालतो.