ती मोटार काढून ठेव

रिमोटच्या गाडीसाठी साडेचार टर्नची मोटार घेताना तू एकदा तरी विचारलंस का, की ज्या क्लबच्या शर्यतीत उतरायचं तिथे ती चालते का? नाही विचारलंस. नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी 21.5 किंवा 17.5 टर्नची मोटार लावावी लागते आणि स्पीड कंट्रोलरचं टायमिंग शून्यावर ठेवावं लागतं. टर्न, म्हणजे तारेचे वेढे, कमी तितका वेग जास्त, एवढंच तुला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर तू पैसे मोजलेस. ते पैसे तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या तुझ्या वडिलांचे होते. नियमावली वाचायला एक रुपया लागत नव्हता. ती मोटार आजच्या आज काढून ठेव.

गाडी निवडतानाही हेच केलंस. एक दशांश मापाची टूरिंग गाडी हवी, इतकं बरोबर. पण आणलीस कुठली? कुणीतरी वापरून विकायला काढलेली, उघड्या बेल्टांची, कार्बन चॅसिसची. का, तर दिसायला शर्यतीची! अशी गाडी कार्पेटवर किंवा झाडून घेतलेल्या गुळगुळीत ट्रॅकवर शोभते. तू चालवतोस बोईसरच्या धुळीच्या काँक्रीटवर. खडीचा एक कण बेल्टच्या दातांत अडकला की तुझी शर्यत तिथेच संपते. पुढचा आर्म मोडला तेव्हा सुटा भाग मिळेना म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे माळ्यावर पडली. आणि 2013 पासून बाजारात असलेल्या तामियाच्या टीटी-02 ला तू ‘पोरांची गाडी’ म्हणालास. ती शाफ्टवर चालते, तिचे गिअर झाकलेले असतात, धूळ सहसा आत जात नाही, भाग महाग नाहीत. किटमधले प्लास्टिकचे बुश काढून बेअरिंग टाक, ऑइल भरलेले शॉक लाव आणि मग मला दाखव, ती गाडी तुला नेमकी कुठे कमी पडते. बेअरिंग रबर सीलचे घे. चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात उघडे बेअरिंग टिकत नाहीत, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलाला मी सांगायचं?

आता सेट-अप. मला खरा राग याचा आहे, कारण इथे पैशाचा प्रश्नच नव्हता. आपल्या वर्कशॉपमध्ये सरफेस प्लेट आहे, व्हर्नियर आहे. फिटिंगच्या जॉबला तू अर्ध्या मिलिमीटरसाठी माझ्याशी वाद घालतोस आणि गाडी मात्र घरच्या फरशीवर ठेवून नजरेनं मापतोस! गाडी उजवीकडे चांगली वळते, डावीकडे घसरते, अशी तक्रार घेऊन आलास. चॅसिसला पीळ पडला आहे का, चारही चाकांवर भार नीट येतो का, हे आधी बघायचं असतं. शॉक सुटे करून आर्म हलवून बघ. आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे. तुझा मागचा डावा आर्म स्क्रू जास्त आवळल्यामुळे अडकत होता. तू मात्र आठवडाभर स्प्रिंगा बदलत बसलास.

गेल्या रविवारी तर कहर केलास. स्प्रिंगा, कॅम्बर, डिफरन्शियलचं तेल आणि टायर, सगळं एका दमात बदललंस. मागची बाजू सुटायची थांबली. कशामुळे थांबली? सांगता येतं? येणार नाही, कारण वही नाही. एका वेळी एकच बदल, तेवढ्याच फेऱ्या, वेळ लिहायची आणि फरक पडला नाही तर जिथे होतं तिथे परत आणायचं. सुरुवात टायरपासून, कारण जमिनीला फक्त तेच टेकतात. क्लबनं एकच टायर ठरवून दिला असेल तर तोच घे आणि बाकी सगळं त्याच्याभोवती जुळव.

त्यात तू मार्क राइनहार्डच्या पत्रकावरचा सेट-अप तसाच्या तसा उतरवलास. 2004, 2008 आणि 2010 असा तीनदा जगज्जेता झालेला माणूस आहे तो, त्याच्याकडून शिकायलाच हवं. पण अशा पत्रकावर ट्रॅकचा पृष्ठभाग, तापमान आणि टायर यांच्यासाठी जागा ठेवलेली असते. ती तू वाचलीसच नाहीस. गाडीची उंची त्याच्याएवढी 5 मिलिमीटर ठेवलीस आणि काँक्रीटच्या सांध्यावर चॅसिस घासून आणलीस. इथे 6 पासून सुरुवात कर आणि घासत नाही याची खात्री पटली की मग खाली ये.

गिअरिंगचा हिशेब तर दहावीतला आहे. टीटी-02 चंच उदाहरण घे: 22 दाती पिनियन, 70 दाती स्पर आणि आतलं प्रमाण 2.6. गुणोत्तर 8.27 येतं. 25 दाती पिनियन लावला की 7.28. सरळ रेषेत वेग वाढतो आणि मोटारीवरचा भारही वाढतो. तू तुझ्या गाडीला असंच केलंस, मोटार हात लावू देईना, तरी फेऱ्या मारत राहिलास. उष्णतेनं रोटरच्या चुंबकाची ताकद उतरते आणि ती परत येत नाही. एक दात वाढव, पाच मिनिटं चालव, तापमान बघ, मग पुढचा दात.

आणि बॅटरी. इथे मी काही ऐकून घेणार नाही. दोन सेलची लिपो रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपतोस, हे तुझ्या आईनं मला सांगितलं. सेल 4.2 व्होल्टच्या वर जाता कामा नये, 3 च्या खाली उतरता कामा नये, 5000 एमएएचच्या पॅकला 5 अँपिअरपेक्षा जास्त द्यायचं नाही आणि समोर जागा माणूस हवा. फुगलेला पॅक वापरायचा नाही. तारापूरच्या कारखान्यात आग लागल्याची बातमी आली की पाळीवर गेलेल्या माणसाच्या घरात काय होतं, ते तू लहानपणापासून बघतो आहेस, आणि तूच घरात असा खेळ करतोस? चार्जर आणि दोन्ही पॅक उद्या प्रॅक्टिकलला घेऊन ये. एक पॅक फुगला आहे असं तुझी आई म्हणाली, तो पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात ठेवून आण. तो कसा निकामी करायचा ते मी दाखवीन. तोवर घरात चार्जिंग बंद.