न घडलेला अपराध

न घडलेल्या अपराधासाठी कुणाचा हात धरावा काय? आधी कृत्य पाहावे, मग दोष द्यावा, असे आपण मुलांना शिकवतो. मग दोन कंपन्या एक होऊ म्हणतात, तेव्हा सरकारने आडवे का यावे?

अमेरिकेतील एका खटल्यात या प्रश्नाचा कस लागला. 1996 साली 'स्टेपल्स' कंपनीने 'ऑफिस डेपो' ही कंपनी विकत घेण्याचे ठरवले. दोघींचा धंदा एकच: कागद, पेने, फायली असे कचेरीचे सामान प्रशस्त दुकानांतून विकायचे. तिथे 1976 च्या कायद्याने असे मोठे व्यवहार आधी कळवावे लागतात आणि चौकशीसाठी थांबावे लागते. ही चौकशी फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाने केली. कंपन्या म्हणाल्या, उत्तर अमेरिकेतल्या अशा विक्रीत आमचा दोघींचा वाटा मिळून जेमतेम 5.5 टक्के. समुद्रात दोन ओंजळी एक झाल्या, तर कुणाचे काय बिघडले?

आयोगाने गावोगावचे भाव आणि कंपन्यांचेच कागद उघडले. अशा दुकानांची 'ऑफिसमॅक्स' ही तिसरी कंपनीही होती. जिथे तिघींची दुकाने होती, त्या गावांपेक्षा स्टेपल्स एकटी असलेल्या गावांत तिचे भाव सरासरी 13 टक्के चढे निघाले. माल तोच, मालक तोच. फरक होता तो समोरच्या दुकानाचा! 30 जून 1997 रोजी न्यायाधीश टॉमस होगन यांनी तो व्यवहार रोखला.

चढा भाव घेणारा दुकानदार दुष्टच असतो, असे नव्हे. दिवाळीच्या खरेदीत एका दुकानातून उठून आपण दुसऱ्यात जाऊ शकतो, हीच गोष्ट त्याला सरळ ठेवते. चौकशी होते ती या मोकळिकीची, कुणाच्या चारित्र्याची नव्हे. म्हणून ही शिक्षा नव्हे. शिवाय दूध-पाणी एकदा मिसळले, की ते वेगळे करणारा हंस काव्यातच भेटतो!

परंतु अडवणाऱ्यालाही विवेक हवा. 2013 साली याच आयोगाने ऑफिस डेपो आणि ऑफिसमॅक्स यांना एक होऊ दिले. कारण इंटरनेटमुळे आणि इतर मोठ्या दुकानांमुळे गिऱ्हाइकाला नव्या वाटा फुटल्या होत्या. 2015 साली स्टेपल्सने पुन्हा ऑफिस डेपोला मागणी घातली, तेव्हा मात्र 2016 मध्ये न्यायालयाने ती रोखली. साध्या गिऱ्हाइकाला वाटा होत्या. ठोक खरेदी करणाऱ्या बड्या कंपन्यांना त्या पुरेशा नव्हत्या.

रोखलेल्या विलीनीकरणातून कदाचित स्वस्ताईही आली असती. ते आता कधीच कळणार नाही. न घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. म्हणूनच अडवणाऱ्याने आपला हिशेब चारचौघांत मांडावा, आणि मांडता येत नसेल, तर धरलेला हात सोडून द्यावा.