जोडणाऱ्याची जबाबदारी



दिवसभरात आपण सगळेच कितीतरी चित्रफिती बघतो. सकाळच्या चहाबरोबर, एसटीत खिडकीशी बसून, दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर येईपर्यंत. मात्र त्या जिथे कापल्या-जोडल्या जातात, तिथे बसण्याचा योग थोड्यांनाच येतो. निवृत्तीनंतर मला तो आला. चित्रपट-निर्मिती आणि व्हिडिओ एडिटिंग शिकवणाऱ्या एका वर्गात मी नाव घातलं. वर्गातली विशीतली मुलं मला ‘काका’ म्हणायची आणि शिकवणाऱ्या तिशीतल्या तरुणाला मी ‘सर’ म्हणायचो. त्या वर्गात मिळालेलं थोडंसं आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवातीला आम्हाला अगदी साध्या गोष्टी टिपायला लावल्या. एकाने दार उघडून आत यायचं, माठातलं पाणी घ्यायचं आणि प्यायचं, बस्स. पण एवढ्यालाही लाँग शॉट लागतो, हाताचा क्लोज-अप लागतो, आणि दोन्ही शॉटमध्ये पेला त्याच हातात आणि तेवढाच भरलेला असावा लागतो. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेषा गेली आहे असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेषा ओलांडली की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात, आणि कोण कुणाशी बोलतंय याचा बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

आवाजाच्या तासाला तर मी चकितच झालो. एखाद्या खोलीतलं शूटिंग संपलं की सर म्हणायचे, ‘आता कुणी हलायचं नाही.’ पंखा बंद, मोबाइल बंद, आणि सगळे जागच्या जागी उभे. मग मिनिटभर त्या खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. स्वयंपाकघराची वेगळी, रिकाम्या वर्गाची वेगळी, गॅलरीची वेगळी. संवाद कापून जोडताना मध्ये पोकळी राहते. तिथे कोरा आवाज टाकला तर कानाला खड्डा जाणवतो, म्हणून त्याच खोलीची शांतता त्या जागी भरतात. रेडिओ ऐकणाऱ्या तुमच्या कानांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग आम्ही संगणकासमोर बसलो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, आपल्याकडच्या टीव्हीत २५. त्यातलं एखाददुसरं चित्र आधी कापलं की नंतर कापलं, यावर प्रसंग ठसक्यात उतरतो किंवा ढिला पडतो. पूर्वी हे काम खरोखरच हाताने चालायचं. फिल्मच्या पट्ट्या यंत्रावर फिरवायच्या, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायच्या आणि चिकटपट्टीने जोडायच्या. आता एक बटण दाबलं की केलेलं सगळं पूर्ववत होतं. साधन सोपं झालं आहे, निर्णय मात्र तेवढाच अवघड राहिला आहे. तो किती अवघड असतो, हे एका अभ्यासाने आम्हाला कळलं.

सरांनी आम्हा सगळ्यांना एकच रशेस दिले. रशेस म्हणजे शूटिंगचा कच्चा माल. बसथांब्यावर एक वयस्कर माणूस बसला आहे, शेजारी कापडी पिशवी आहे. तो रस्त्याकडे बघतो, घड्याळ बघतो. बस येते आणि जाते, तो उठत नाही. कॉलेजच्या वॉचमनकाकांनीच ही भूमिका केली होती. त्याशिवाय काही सुटे शॉट होते. शाळेतून घरी जाणारी मुलं, एक बंद दार, वाजणारा फोन, रस्त्यावरचं कुत्रं. यातून दोन मिनिटांची फिल्म करायची. नवीन काही टिपायचं नाही.

पुढच्या तासाला सगळ्यांच्या फिल्म एकापाठोपाठ एक दाखवल्या. एका मुलीच्या फिल्ममध्ये ते मुलाची वाट पाहणारे वडील होते, आणि बंद दार आलं तेव्हा वर्गात कुणी बोलेना. एका मुलाने पिशवी इतक्या वेळा दाखवली की त्या पिशवीत काहीतरी भयंकर आहे असं वाटायला लागलं. तिसऱ्याने कुत्र्याला आणि काकांना आळीपाळीने दाखवून सगळ्यांना हसवलं. माझ्या फिल्ममध्ये ते शाळेतल्या मुलांकडे बघणारे निवृत्त शिक्षक झाले होते. मी आयुष्यभर शिक्षक होतो, तेव्हा त्यात नवल नाही. चेहरा तोच, डोळे तेच, एकही चित्र बदललेलं नाही, तरी माणसं सगळी वेगळी. शेवटी सरांनी वॉचमनकाकांना विचारलं, ‘तुम्ही त्या वेळी मनात काय आणलं होतं?’ काका म्हणाले, ‘काही नाही सर. चहावाला अजून कसा आला नाही, ते बघत होतो.’

वर्ग खूप हसला. हसणं ओसरल्यावर सर आम्हाला शंभर वर्षं मागे मॉस्कोला घेऊन गेले. १९१९ साली तिथे चित्रपट शिकवणारी शाळा सुरू झाली. क्रांतीनंतरचे दिवस होते आणि कोऱ्या फिल्मचा मोठा तुटवडा होता. तिथले तरुण शिक्षक लेव्ह कुलेशोव्ह हाताशी असलेल्या जुन्या फिल्म कापून नव्या रीतीने जोडून बघत असत. मोझ्झुखिन या प्रसिद्ध नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एक शॉट त्यांनी घेतला. तो एकदा सूपच्या ताटलीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा खेळण्यात रमलेल्या लहान मुलीशेजारी. कुलेशोव्हचे विद्यार्थी आणि पुढे थोर दिग्दर्शक झालेले पुदोव्हकिन यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. बघणाऱ्यांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. सूपकडे बघताना काय गंभीर झाला, मृताकडे बघताना काय दुःख दाटलं, मुलीकडे बघताना काय कौतुक होतं! चेहऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. ते बघणाऱ्यांच्या मनात तयार झालं होतं, आणि जोडणाऱ्याने ते तयार करवलं होतं.

म्हणजे जोडणं ही फसवणूकच आहे का? तसंही नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांकडे बघा. १९१३ च्या ३ मे रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी, विलायतेहून कॅमेरा आणल्यावर, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी करून अनेक दिवस टिपली. ती चित्रं सलग फिरवली तेव्हा रोप डोळ्यांदेखत मातीतून वर येताना दिसलं. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला तो या लहानशा फिल्ममुळे. रोप वाढतं हे सत्यच आहे, पण ते आपल्या डोळ्यांना कधी दिसत नाही. फाळक्यांनी मधला वेळ काढून टाकला आणि ते सत्य दिसू लागलं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घर सांभाळून फिल्म धुण्यापासूनची कामं शिकल्या होत्या. भारतीय सिनेमाचं बी असं एका घरात, कुंडीत रुजलं.

वगळल्याशिवाय तर कुणाचंच भागत नाही. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ हा १९७९ सालचा अमेरिकी चित्रपट. त्याचं चित्रीकरण २३० तासांहून अधिक होतं आणि पूर्ण झालेला चित्रपट होता सुमारे अडीच तासांचा. त्याच्या संकलकांपैकी एक वॉल्टर मर्च यांनी कट कुठे करावा याचे निकष सांगितले आहेत आणि गमतीने त्यांना टक्केही दिले आहेत. त्यांतल्या कथेला २३, लयीला १०, आणि भावनेला ५१. निम्म्याहून जास्त वजन या प्रश्नाला, की बघणाऱ्याला इथे काय वाटायला हवं? हा प्रश्न मोठ्या ताकदीचा आहे, आणि म्हणूनच जोखमीचा. दुसऱ्याला काय वाटावं हे ठरवण्याची मुभा ज्याच्या हाती आली, त्याने ती कशासाठी वापरायची?

याचं एक उत्तर मला नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’त मिळालं. नगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना त्यांनी केलेला हा लघुपट. त्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेला एक गरीब मुलगा, आणि परिस्थिती त्याला चोरीकडे ढकलते. रस्त्यावर असा मुलगा पकडला गेला तर आपल्याला दिसतो तो एकच शॉट, चोर. त्याच्याआधी काय घडलं, ते आपल्या डोळ्यांसमोर नसतं. दिग्दर्शकाने तो आधीचा भाग आपल्यासमोर आणून ठेवला. विद्यार्थी असताना केलेलं हे काम आहे, आणि न्याय देणारं जोडणं कसं असतं याचा तो धडा आहे.

आमच्या वर्गात मुलाखतींसाठी एक नियम होता. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नापुढे जोडायचं नाही. हे करणं किती सोपं आहे ते सरांनी एकदा दाखवलं होतं. भाजी विकणाऱ्या एका मावशींना विचारलं होतं, ‘तुम्ही रोज पहाटे उठता का?’ त्या म्हणाल्या, ‘हो, त्याशिवाय कसं चालेल?’ सरांनी तो प्रश्न काढला आणि तिथे ‘तुम्ही वजनात मारता का?’ हा प्रश्न स्वतःच्या आवाजात टाकला. मावशींचं उत्तर मात्र जागेवरच ठेवलं. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, शब्दही त्यांचे, आणि तरीही धडधडीत खोटं. वर्गातच ते पुसून टाकलं. पण आज हे करायला ना स्टुडिओ लागतो ना शिक्षण. कुणाच्याही खिशातल्या फोनवर ते होतं, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवरून आपण एखाद्या माणसाचा, कधी एखाद्या अख्ख्या जमातीचा निकाल लावून मोकळे होतो.

आणि श्रोतेहो, फोन नसला तरी हे काम आपलं मन करतच असतं. शेजारी जिन्यात भेटले आणि हसले नाहीत, की त्यांच्या चेहऱ्याशेजारी आपण गेल्या महिन्यातलं पार्किंगचं भांडण जोडतो. कदाचित त्यांच्या हातात दवाखान्याचा रिपोर्ट असेल. सून जेवताना गप्प असली, की आपल्याला वाटतं भाजी आवडली नाही. तिच्या कचेरीत दुपारी काय झालं, ते कुणी विचारलेलं नसतं. मुलाने निरोप वाचला आणि उत्तर दिलं नाही, की ‘आता आमची गरज कुठे उरली’ हे वाक्य आपण स्वतःच त्याच्या तोंडी घालतो. चेहरा समोरच्याचा असतो आणि त्याच्याशेजारचं दृश्य आपल्या साठ्यातलं. मग आपण रागावतो, रुसतो, बोलणं टाकतो, ते त्या माणसावर नव्हे, आपणच जोडलेल्या फिल्मवर.

जोडल्याशिवाय मनाचं चालत नाही. त्याशिवाय अर्थच लागणार नाही, आणि अर्थ लावल्याशिवाय माणूस जगू शकत नाही. पण हे आपण जोडलेलं आहे, एवढं भान ठेवणं आपल्या हातात आहे. संकलनाचा वर्ग संपला तेव्हा मी काही चित्रपट करायला निघालो नाही. एक सवय मात्र लागली. काहीही पाहिलं की मनात येतं, याच्याआधी काय होतं आणि याच्यानंतर काय आहे? शाळेत वाचायला-लिहायला शिकवतात, तसं हेही आता सगळ्या मुलांना शिकवायला हवं, असं मला शिक्षक म्हणून वाटतं. कारण ही मुलं पुस्तकांपेक्षा पडद्यावरूनच जास्त शिकणार आहेत.

तोपर्यंत आपण मोठ्यांनी दोन गोष्टी करूया. कुणाची बदनामी करणारी तुटक क्लिप आली, तर पाठवणाऱ्याकडे ती पूर्ण मागा, आणि पूर्ण मिळाली नाही तर पुढे पाठवू नका. आणि घरात, कामावर, कुणाचा गप्प चेहरा दिसला, तर त्याचा अर्थ लावण्याआधी त्यालाच विचारा, ‘काय झालं?’