अभयदान कुणाला?

2015च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळच्या समुद्रात बौद्ध भाविकांनी शेकडो खेकडे आणि लॉब्स्टर सोडले. कुणाच्या तरी ताटात जाणारे हे जीव त्यांनी मुद्दाम विकत घेतले होते. हेतू निर्मळच होता. पण त्यांतले बरेच जीव अमेरिकेच्या समुद्रातले. त्यांतले लॉब्स्टर इंग्लंडजवळच्या स्थानिक लॉब्स्टरना रोग देऊ शकतात, त्यांच्याशी संकरही करू शकतात. मग ते परत पकडण्यासाठी सरकारला मच्छीमारांना पैसे द्यावे लागले आणि 2017मध्ये त्या भाविकांपैकी दोघांना सुमारे 15 हजार पौंडांचा भुर्दंड बसला.

फांगशेंग, म्हणजे पकडलेल्या प्राण्याला मोकळं करणं, ही चीनमध्ये रुजलेली जुनी प्रथा. आज तिच्यासाठी आशियातल्या बाजारांत पाखरं, मासे, कासवं विकायला असतात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकन कासव त्यांतलंच. पिल्लू रुपयाएवढं, पण वाढलं की वीतभराहून मोठं होऊ शकतं. ऊन खायच्या ओंडक्यावरून ते दुबळ्या स्थानिक कासवांना हुसकावतं, आणि उन्हाशिवाय कासवाचं अन्नही नीट पचत नाही. मुंबई-पुण्यातही हौसेने पाळलेली अशी कासवं, टाकी अपुरी पडू लागली की, तळ्यात सोडली जातात.

या प्रथेला आधार म्हणून ‘सुवर्णप्रभास सूत्रा’तली जलवाहनाची कथा सांगितली जाते. ती नीट वाचायला हवी. आटत्या तळ्यात दहा हजार मासे तडफडताना पाहून हा वैद्यपुत्र राजाकडे वीस हत्ती मागतो, नदीचं पाणी पखालींत भरून हत्तींच्या पाठीवरून आणतो, तळं भरतो आणि माशांना घरचं अन्नही घालतो. एकही मासा तो दुसरीकडे नेत नाही. त्याची करुणा माशांबरोबर त्यांचं तळंही वाचवते.

बाजारातून आणलेलं कासव परक्या तळ्यात सोडणाऱ्याला तळ्यातले बाकीचे जीव दिसतच नाहीत. भुकेनं किंवा रोगानं तिथलं एखादं कासव मेलं, तर ती हिंसा कुणाच्या खाती?

सिंगापूरमध्ये वैशाख पौर्णिमेच्या सुमारास प्राणी सोडू नका, असं सांगणारे स्वयंसेवक जलाशयांवर उभे असतात. पण आधीच सोडलेल्या कासवांचं काय? त्यांना मारणं अहिंसेचं व्रत घेतलेल्याला जमणार नाही, तळ्यात राहू देणंही तितकंच निर्दय. राहतो तो खर्चिक मार्ग: ती पकडून जन्मभर सांभाळणं. असं कासव वीस-तीस वर्षं सहज जगतं; तेवढा काळ त्याचं पाणी बदलायची तयारी विहारांनी आणि देवळांनी दाखवायला हवी.