पाक आणि पाक

रव्याच्या लाडवासाठी साखर उकळत ठेवली की बाई चमच्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरते, बोटे अलगद लांब करते आणि मध्ये तार येते का ते पाहते. तार आली की पाक झाला. जरा पुढे गेला तर लाडू दगडासारखे होतात. नांदेडच्या बाजारात दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी हाच शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ निर्मळ, निष्कलंक असा असतो. पहिला ‘पाक’ संस्कृत ‘पच्’ धातूचा, दुसरा फारसीचा. दोघांचे नाते काही नाही. पण बहमनी काळापासून १९४८ पर्यंत मराठवाड्यावर फारसी-उर्दूतून कारभार चालला, त्यामुळे हे दोन्ही शब्द इथे एकाच गल्लीत नांदले. ते शेजारी ठेवले की एक जुना धार्मिक प्रश्न समोर येतो. अन्न पवित्र होते ते शिजवणाऱ्याच्या आधीच्या शुद्धतेने, की शिजण्याने? माझे उत्तर दुसऱ्या बाजूला आहे.

‘पच्’ धातूचा मराठीतला गोतावळा पाहावा. पीक, पिकणे, पक्का, पचणे, पक्वान्न, परिपाक, विपाक ही सगळी एकाच घरची. शेतात ऊन जे करते, चुलीवर जाळ जे करतो आणि पोटात जठराग्नी जे करतो, त्या तिन्हींना भाषेने एकच क्रिया मानले. लातूरकडे थंडीत ज्वारीचे कोवळे कणीस आगटीत भाजून, तळहातावर चोळून हुरडा काढतात, तेव्हा अर्धे काम उन्हाने केलेले असते आणि उरलेले गोवऱ्यांच्या निखाऱ्याने. या कुळातला ‘स्वयंपाक’ तर स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या हातचे चालत नाही म्हणून जो आपले आपण रांधून खातो तो मुळात स्वयंपाकी. आज मराठीत स्वयंपाकी म्हणजे दुसऱ्यांसाठी रांधणारा, आणि स्वयंपाक म्हणजे घरादाराचे जेवण. सोवळ्याने बांधलेले कुंपण बोलणाऱ्यांनी वापरून वापरून मोडले.

शब्दांच्या व्युत्पत्तीवरून धर्माचा निर्णय होत नाही, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. म्हणून शब्द बाजूला ठेवून विचारवंतांकडे वळू. कच्चे काळे मडके भट्टीतून लाल होऊन निघते तेव्हा नेमके काय घडते, यावर वैशेषिक आणि नैयायिक या दोन दर्शनांच्या पंडितांत मोठा वाद झाला. वैशेषिकांच्या मते आगीने मडके अणूंपर्यंत विखुरते, अणूंचा रंग बदलतो आणि मग नवे मडके जुळते, हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, उष्णता सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि मडके आहे तसे, सबंधच भाजते, हा पिठरपाक. त्यांचा आधार साधा होता. भट्टीत डोकावले तर मडके जागेवर दिसते, त्याच्यावर रचलेली मडकी कोसळत नाहीत आणि बाहेर आल्यावर हे तेच मडके म्हणून आपण ओळखतो. मला नैयायिकांचे म्हणणे पटते, आणि ते मडक्यापुरते राहत नाही. माणूस तोच राहून आतपर्यंत बदलू शकतो. त्यासाठी त्याला मोडून पुन्हा जन्माला घालावे लागत नाही.

यावरचा सर्वांत जड आक्षेप याच शब्दातून येतो. पूर्वजन्मीच्या कर्माचा विपाक म्हणून अमुक जात वाट्याला आली, असे सांगून पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पंगतीबाहेर बसवले गेले. पतंजलीच्या योगसूत्रांतही जन्म, आयुष्य आणि भोग यांना कर्माचा विपाक म्हटले आहे. मात्र त्याच ग्रंथात, जे दुःख अजून आले नाही ते टाळता येते, असेही लगेच पुढे म्हटले आहे. बुद्धाने तर सीवक नावाच्या परिव्राजकाला स्पष्ट सांगितले की भोगावे लागणारे सगळेच पूर्वकर्मातून येत नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशीही कारणे असतात. विपाक म्हणजे पिकणे, आणि पिकणे चालू असते. ज्याने जन्मालाच शेवटचा पाक ठरवले त्याने चुलीवरचे भांडे अर्ध्यात उतरवले आणि न शिजल्याचा दोष दाण्याला दिला.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा: सोवळे म्हणजे शेवटी नीटनेटकेपणाच ना? हात धुणे, धुतलेले वस्त्र, आधी न चाखणे या गोष्टींना माझा विरोध नाही. पण धुतल्याने जाते ती घाण. ज्याचा जन्मच अशुद्ध ठरवला त्याने कितीही धुतले तरी सोवळ्याचे दार उघडत नव्हते. म्हणून ते दोन वेगळे नियम आहेत. लातूरच्या सीमेपलीकडे, कल्याणात, बसवेश्वरांनी बाराव्या शतकात कष्टाच्या कमाईला दासोहाची, म्हणजे ती सर्वांत वाटण्याची, जोड दिली आणि शिवाचा प्रसाद जातीच्या उतरंडीतून सोडवला. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. तिथे हजूर साहिबच्या लंगरात बसणाऱ्यांच्या ओळीला शीखही ‘पंगत’च म्हणतात. शब्द आपलाच आहे, पण आपल्याकडे त्याला पंक्तिभेद चिकटला होता, तिथे पंक्तिभेदालाच मनाई आहे. कडाह प्रसादाची रीत पाहावी: गव्हाचे पीठ, तूप आणि साखर समभाग. पीठ तुपात खमंग तांबूस होईपर्यंत भाजायचे, मग त्यात साखरेचे गरम पाणी ओतायचे. कढई चरचरते, वाफ उठते आणि पीठ, तूप, साखर वेगळे काढता येत नाहीत. अरदास, म्हणजे प्रार्थना, होते, प्रसादाला कृपाण लावतात, आणि एकाच भांड्यातून सर्वांच्या ओंजळीत तो येतो. घेणाऱ्याला जात विचारत नाहीत, आणि कढईशी उभ्या असलेल्या सेवेकऱ्यालाही कोणी विचारत नाही.