नाट्यपद, पडदा आणि रसाचे अधिष्ठान

‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या संगीत नाटकावर २०१५ साली चित्रपट निघाला, तेव्हा मुद्रित स्वरातून रस, म्हणजे ‘मी’पण गळून उरणारा आस्वाद, प्रकटतो काय, हा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. मूर्तिजापूरच्या वसंतराव देशपांडे यांनी रंगभूमीवर खाँसाहेब हे गायक-पात्र साकारले. संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद’ हे पद पंडितजी या प्रतिस्पर्धी गायकासाठी सालगवराळीत, तर खाँसाहेबांसाठी द्रुत धानीत बांधले, त्यामुळे त्याच शब्दांतून एकदा शरणागती, तर एकदा ईर्षा ऐकू येते. चित्रपटात राहुल देशपांडे यांचा स्वर खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांच्या ओठी येतो आणि ‘वन्स मोअर’ला वाव उरत नाही, तरीही साधारणीकरण, म्हणजे भाव व्यक्तीपासून सुटून सर्वांचा होणे, अडत नाही, कारण रसमीमांसक अभिनवगुप्ताने रसाचे अधिष्ठान सहृदयाच्या, म्हणजे रसिकाच्या, चित्तातच मानले आहे.